ओट्याखाली गेलेली वाट



आमच्या घरापासून मंडळाचा मांडव दोनशे दहा पावलांवर आहे. मागच्या वर्षी पहिल्या आरतीला आईला घेऊन निघालो. तिच्या डाव्या गुडघ्याने साथ सोडली आहे, वॉकरशिवाय तिला चालता येत नाही. पहिल्या घरासमोर गाडी चढवायचा सिमेंटचा उतार आडवा आला. तो टाळायला वॉकर रस्त्यावर घेतला, तर मागून मोटरसायकलींचे हॉर्न. पुन्हा कडेला आलो, तर पुढे ओटा, आणि ओट्यापुढे उघडी नाली. तिसऱ्या घरापाशी वॉकरचा पुढचा पाय नालीच्या फटीत अडकला. आई थांबली आणि म्हणाली, "मले कायले नेता रे बापू, मी इथूनच हात जोडतो." आरतीचा आवाज ऐकू येत होता. बाप्पा दिसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टेप घेऊन बाहेर पडलो. सिव्हिलचा डिप्लोमा करून राज्य शासनाच्या नोकरीत वीस वर्षे काढली आहेत, तेव्हा मोजल्याशिवाय समाधान होत नाही. आमच्या कॉलनीच्या मंजूर नकाशात रस्ता ९ मीटर आहे. समोरासमोरच्या ओट्यांमधले मोकळे अंतर एका ठिकाणी ५.८ मीटर भरले. म्हणजे ३.२ मीटर, जवळपास साडेदहा फूट रस्ता, ओटे, उतार, फुलझाडांच्या कुंड्या आणि पाण्याच्या टाक्या यांच्याखाली गेला होता. आणि सांगायला लाज वाटते, पण रस्त्यात आलेला पहिला उतार दुसऱ्या कोणाचा नव्हता. तो आमचाच होता. घर बांधले त्या वर्षी आम्हीच उभे राहून तो टाकून घेतला होता.

तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. पायी चालणाऱ्याची ही पट्टी आपल्याकडे आली कुठून, दिली कोणी, आणि गेली कशी? त्याचा हा लहानसा इतिहास.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या सावरगावात फुटपाथ नव्हता, आणि त्याची उणीवही कोणाला भासत नव्हती. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, आणि मधली वाट सगळ्यांची. दोन बंड्या आजूबाजूने निघाल्या की रस्ता पुरेसा रुंद समजायचा. बंडीची चाल आणि माणसाची चाल यांत फार फरक नसे, म्हणून माणसाला वेगळी वाट लागत नसे. ओटा होता, पण तो बसण्यासाठी होता. संध्याकाळी म्हाताऱ्याकोताऱ्यांची बैठक तिथेच भरे. त्या गावात सगळे सोयीचे होते असे मात्र नाही. ज्याचे पाय चालत नसत तो घरातच राही, नाहीतर पोळ्याला, गोटमारीला कोणाच्या तरी पाठीवर बसून येई. त्याच्यासाठी रस्ता करावा, हा विचारच तेव्हा कोणाच्या मनात नव्हता.

वस्तीची आखणी आधी करावी आणि घरे नंतर बांधावी, हा विचार आपल्या भागात इंग्रजी अमदानीत आला. १९१४ साली पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार भारतात आले. पुढे १९१९ ते १९२४ या काळात ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापकही होते. होळकरांच्या इंदूरसाठी त्यांनी तयार केलेला दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. इंदुरात तेव्हा प्लेगची भीती होती. त्यांच्या तिथल्या दिवाळीच्या मिरवणुकीचा किस्सा नगररचनेच्या पुस्तकांतून आजही सांगितला जातो. मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही, ज्या गल्लीत जास्तीत जास्त घरे झाडूनपुसून, डागडुजी करून ठेवलेली असतील त्या गल्लीतून जाईल, असे त्यांनी आधीच जाहीर करवले. मग काय, गल्ल्यागल्ल्यांत चढाओढ लागली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची मोठी प्रतिमा होती, ती शेवटी जाळण्यात आली. नोटीस आणि दंडाने जे झाले नसते ते मिरवणुकीने केले. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत ही गोष्ट मुद्दाम सांगतो आहोत. तिच्याकडे शेवटी पुन्हा यायचे आहे.

आपली तेव्हाची राजधानी मात्र नागपूर. तिथे १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास स्थापन झाला. मोकळी जमीन घ्यायची, आधी रस्ते आखायचे, नाल्या काढायच्या, बागेची जागा सोडायची आणि मग प्लॉट पाडायचे, ही पद्धत या भागाने नागपुरात पाहिली. 'ले-आऊट' हा शब्द विदर्भात इतका रुळला की लोकांच्या पत्त्यातही तो आला. पण त्याच नागपुरात पुढे शेते परस्पर तुकडे करून विकली गेली. '५७२ ले-आऊट' आणि '१९०० ले-आऊट' हे शब्द नागपूरच्या घराघरांत माहीत आहेत. ते विनापरवानगी पडलेल्या आणि नंतर नियमित कराव्या लागलेल्या वस्त्यांचे आकडे आहेत. महाराष्ट्राला त्यासाठी २००१ साली गुंठेवारीचा वेगळा कायदा करावा लागला.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्ये नव्याने बांधली गेली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपला छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. नातीगोती, बाजारहाट आणि दवाखाना नागपूरला, कागद मात्र भोपाळला. तिकडे तलाठी, इकडे पटवारी. तिकडे सात-बारा, इकडे खसरा. तिकडे शेताचे 'एन.ए.' होते, इकडे 'डायव्हर्शन'. शब्द वेगळे झाले तरी शेताची कॉलनी होण्याची तऱ्हा दोन्हीकडे सारखीच राहिली.

मध्य प्रदेशाने १९७३ साली नगर तथा ग्राम निवेश अधिनियम केला. कॉलनीचा नकाशा या खात्याकडून मंजूर झाला पाहिजे, हे त्याने ठरले. १९८४ साली भूमी विकास नियम आले, २०१२ साली ते नव्याने लिहिले गेले. नगरपालिका कायद्यात कॉलनी पाडणाऱ्याची नोंदणी आली, आणि नोंदणी व परवानगीशिवाय प्लॉट विकले तर तुरुंगवासाची तरतूद आली. पंचायतीच्या कायद्यातही तशीच कलमे घातली गेली, कारण नगरपालिकेची हद्द जिथे संपते तिथूनच प्लॉट स्वस्त होतात. २०२१ साली कॉलनी विकासाचे नवे नियम आले आणि जुन्या अवैध कॉलन्यांना नियमित होण्याची वाट मिळाली.

इतके नियम असताना आमच्या आईचा वॉकर अडकला कसा? आम्ही नोकरीत पाहिलेल्या बहुतेक ले-आऊटच्या नकाशांत रस्त्याची रुंदी असते, बागेची जागा असते, प्लॉटचे नंबर असतात. पण त्या ९ मीटरच्या आत कोणाला किती जागा, हे फार थोड्या नकाशांत दाखवलेले असते. गाडीला किती, नालीला किती, विजेच्या खांबाला किती आणि पायी माणसाला किती, हे कागदावर येत नाही. जी जागा कागदावर कोणाच्याच नावाने नसते ती ज्याचे घर समोर असते तो घेतो. तो वाईट माणूस असतो असे नाही. बहुतेक वेळा तो आपणच असतो.

आता अपंगांसाठीच्या कायद्याकडे वळू. दुसऱ्या महायुद्धातून जायबंदी होऊन परतलेल्या सैनिकांमुळे या प्रश्नाकडे जगाचे लक्ष गेले. अमेरिकेतील मिशिगन राज्यात कलामाझू नावाचे शहर आहे. १९४५ च्या सुमारास तिथल्या जॅक फिशर या वकिलाच्या खटपटीने चौकातल्या फुटपाथच्या कडा कापून उतार केले गेले. ते स्वतः युद्धात जखमी झालेले माजी सैनिक होते. असे उतार झाले की बाबागाडी ढकलणारी आई, हातगाडीवाला आणि काठी टेकणारे आजोबा, सगळेच त्यावरून जातात. एकासाठी केलेली सोय अशी सगळ्यांची होते.

आपल्या देशात १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा आला. व्हीलचेअरसाठी फुटपाथला उतार करावा, असे त्यात स्पष्ट होते. पण त्याच कलमात 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' अशी सवलतही होती. आम्ही सरकारी कागद रोज पाहतो, असे शब्द फायलीत काय करतात ते आम्हाला ठाऊक आहे. २०१६ च्या दिव्यांग अधिकार कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, आणि सुगम्यतेच्या नियमांत न बसणाऱ्या इमारतीच्या नकाशाला परवानगी देऊ नये असे सांगितले. तरीही नियमांत बंधन किती आणि सल्ला किती, हा घोळ राहिलाच. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये नेमके यावरच बोट ठेवले आणि केंद्र सरकारला बंधनकारक नियम करायला सांगितले. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने, चालण्याजोगा फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि तो दिव्यांगांनाही वापरता आला पाहिजे, असे सांगितले.

कायदा इथवर आला. आता थोडे माप सांगतो, कारण खरी मेख मापातच आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेप्रमाणे फुटपाथवर चालायला निदान १.८ मीटर, म्हणजे सहा फूट, मोकळी जागा हवी. दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तर निघून जाव्यात, हा त्यामागचा हिशेब. फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सहा इंचांपेक्षा, जास्त नको. उतार एकास बारा. सहा इंच चढायचे तर सहा फूट लांब उतार लागतो. आता आमच्या कॉलनीचा ९ मीटर रस्ता घ्या. मधे गाड्यांना ५.५ मीटर दिले तर ३.५ मीटर उरतात. दोन्हीकडे वाटले तर पावणेदोन मीटर. यात उघडी नाली काढली तर माणसाला काहीच राहत नाही. तीच नाली सपाट, भक्कम झाकणांनी झाकली तर तीच वाट होते. म्हणजे जागा आहे. खर्चही फार वाढत नाही. फक्त हे पहिल्या दिवशी ठरले पाहिजे.

नंतर का जमत नाही, तेही सांगतो. पहिले घर जोते उंच घेते, कारण पावसाचे पाणी आत येऊ नये. शेजारी त्याहून चार इंच उंच घेतो. प्रत्येक जण आपल्या फाटकापुढे आपल्या उंचीचा उतार रस्त्यात टाकतो. पुढे जुन्या सिमेंट रस्त्यावरच नवा सिमेंट रस्ता चढतो, की ओटे पुन्हा वर जातात. दहा वर्षांनी त्या गल्लीत सारख्या उंचीची सलग सहा फूट जागा दाखवता येत नाही. मग न्यायालयाचा आदेश येवो की दिल्लीचा निधी येवो, पट्टी काढायची तर पंचवीस ओटे फोडावे लागतात, आणि पंचवीस ओटे फोडायला कोणी येत नाही.

म्हणून हे सगळे आत्ता सांगायचे. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. जिल्हा झाला की कार्यालये येतात, कर्मचारी येतात, आणि संत्र्याच्या बागांच्या कडेने प्लॉटच्या पाट्या लागतात. ज्या कॉलन्यांत आपली नातवंडे राहणार आहेत त्यांच्या रेषा याच काही वर्षांत आखल्या जाणार आहेत. प्लॉट बघायला जाल तेव्हा भाव आणि डायव्हर्शन विचारताच, त्याबरोबर आणखी एक विचारा. रस्त्याचा आडवा छेद दाखवा म्हणा. पायी माणसाची जागा कुठे, नाली झाकलेली की उघडी, खांब कुठे येणार, जोत्याची उंची किती ठरली, हे कागदावर पाहा. नसेल तर लिहून मागा. घेणाऱ्याने मागितले की विकणारा करतो, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

आणि आता पुन्हा इंदूरच्या मिरवणुकीकडे. आपल्याही मंडळाची मिरवणूक निघते. यंदा जमेल का ठाऊक नाही, पण ज्या गल्लीतली वाट मोकळी असेल त्या गल्लीतून बाप्पा आधी जातील, असे ठरवायला काय हरकत आहे? मांडवाच्या एका बाजूला सहा फूट वाट सोडावी, तिथे दोर, खुंट्या, वायरी नकोत, आणि पायरीऐवजी फळीचा उतार करावा, ही आमची मंडळाला विनंती आहे.

आमच्यापुरते सांगायचे तर पोळ्यानंतर आम्ही आमचा उतार फोडला. आता तो फाटकाच्या आत, आमच्याच जागेत केला आहे. त्यामुळे अंगण तीन फूट कमी झाले आणि गाडी जरा वाकडी लावावी लागते, एवढेच. शेजारच्या काकांनी आपला ओटा मागे घेतला. त्यापुढच्या भाऊंनी दिवाळीनंतर बघू म्हटले आहे, आणि ते शब्दाचे पक्के आहेत. आई आता रोज संध्याकाळी वॉकर घेऊन तिसऱ्या घरापर्यंत जाते आणि तिथून परत फिरते. मांडवापर्यंत अजून एकशे साठ पावले उरली आहेत.

गणपती बाप्पा मोरया!