‘किरणशस्त्रक्रिया’ : एका संज्ञेचा इतिहास

मेंदूतील रोहिणी व नीला यांना सूक्ष्म केशवाहिन्यांचे जाळे जोडते. काही व्यक्तींत एखाद्या ठिकाणी हे जाळे नसते. रोहिणीतील रक्त वेगाने सरळ नीलेत उतरते आणि तेथे वाहिन्यांचा गुंता होतो. त्या दाबाने वाहिनी फुटून रक्तस्राव होण्याचा धोका वर्षाला सुमारे २ ते ४ टक्के मानतात. एकोणिसाव्या शतकात विर्खोने अशा विकृती अर्बुदांत गणल्या होत्या. १९२८ साली कुशिंग व बेली यांनी त्यांचा खऱ्या अर्बुदांपासून भेद दाखविला. प्रस्तुत टिपणाचा विषय मात्र या विकाराच्या एका उपचाराचे नाव हा आहे.

१९५१ साली स्वीडनमधील मेंदूशल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी ‘रेडिओसर्जरी’ ही संज्ञा योजिली. ‘सर्जरी’ शब्दाच्या मुळाशी ‘हात’ व ‘काम’ या अर्थांची दोन ग्रीक पदे आहेत. येथे तर कवटी उघडावयाची नाही, की हात आत जावयाचा नाही. तरीही ठरलेल्या बिंदूवर, एकाच बैठकीत, किरणांची मोठी मात्रा देऊन ऊतकाचा नाश करावयाचा असल्यामुळे लेक्सेल यांनी हे कर्म शल्यविद्येतच ठेविले. प्रथम क्ष-किरण, मग उप्साला येथील भौतिकशास्त्रज्ञ बोर्ये लार्सन यांच्या सहकार्याने प्रोटॉन, आणि शेवटी कोबाल्ट-६० असा त्यांचा प्रवास झाला. १९६०नंतरच्या दशकाच्या अखेरीस स्टॉकहोम येथे सिद्ध झालेल्या यंत्रात कोबाल्टचे १७९ स्रोत होते. प्रत्येक किरण एकटा दुर्बळ; सर्व जेथे मिळतात तेथेच ते प्रभावी ठरतात. या यंत्रास ‘गॅमा नाइफ’, म्हणजे गॅमा-सुरी, हे नाव पडले. १९७० साली स्टायनर व लेक्सेल यांनी वाहिन्यांच्या गुंत्यावर त्याचा उपयोग केला व १९७२ साली तो वृत्तान्त प्रसिद्ध झाला. भारतात हे यंत्र १९९७ साली मुंबई व दिल्ली येथे आले.

परंतु सुरी कापते ती तत्क्षणी, आणि हे किरण तसे करीत नाहीत. त्यांच्यामुळे वाहिनीच्या आतील अस्तरास इजा होते, भिंत हळूहळू जाड होत जाते आणि शेवटी पोकळी बुजते. यास दोन ते तीन वर्षे लागतात. लहान गुंत्यांपैकी सुमारे ७० ते ८० टक्के अशा रीतीने बंद होतात. तोपर्यंत रक्तस्रावाचा धोका कायम असतो. ‘शस्त्रक्रिया झाली’ असे ऐकणारा रोगी संकट टळले असे समजतो. संज्ञेने येथे काळ झाकला आहे.

न फुटलेल्या गुंत्यांविषयीच्या वादातही मुद्दा काळाचाच आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अरुबा’ चाचणीत, शस्त्रक्रिया, वाहिनीरोधन वा किरण यांपैकी कोणताही हस्तक्षेप करण्यापेक्षा केवळ औषधोपचार सरस ठरला. सरासरी पाठपुरावा सुमारे ३३ महिन्यांचा होता. ज्या उपायाचे फळ तीन वर्षांनी येते त्याचा न्याय एवढ्यात कसा व्हावा, हा आक्षेप घेतला गेला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घतर पाठपुराव्याचा कौलही तोच होता, हेही नमूद केले पाहिजे.

मराठीपुरते पाहता, ‘शस्त्रक्रिया’ शब्दात हाताऐवजी शस्त्र आले. तेही येथे नाही. ‘शल्य’ म्हणजे शरीरात रुतलेली, काढून टाकावयाची वस्तू. येथे काहीच काढले जात नाही. सुश्रुतसंहितेत मात्र धारदार शस्त्रांखेरीज अग्नी, क्षार, जळू इत्यादींचा ‘अनुशस्त्र’ असा वेगळा वर्ग आहे. प्राचीनांना किरणांचे ज्ञान होते असा याचा अर्थ मुळीच नव्हे. शस्त्राचे कार्य अन्य साधनाने साधता येते, हा विचार आपल्या परिभाषेत पूर्वीच होता, एवढेच यातून सिद्ध होते. ‘किरणशस्त्रक्रिया’ हा शब्द आता रूढ आहे आणि तो राहील; पण त्याच्या व्याख्येत ‘कालांतराने फलद्रूप होणारी’ हे विशेषण अवश्य असावे. रोग्याच्या संमतीचा अर्थ त्यावर अवलंबून आहे.