घरातलीच भीती

मांगा म्हटलं की आपल्याकडे 'नारुतो' नाहीतर 'डेथ नोट' आठवतं. माझा ओढा मात्र वेगळ्याच कप्प्याकडे. त्यात भुताखेतांची फारशी गरज नसते. भीती स्वयंपाकघरातून येते, आणि तीही हळूहळू.

याचं एक मूळ १९६५ सालात सापडतं. काझुओ उमेझूने 'शोजो फ्रेंड' या मुलींच्या साप्ताहिकात 'मामा गा कोवाई' ही गोष्ट काढली. (मामा म्हणजे आई बरं का, आपला मामा नव्हे!) तोवर अशा मासिकांत ताटातूट झालेल्या मायलेकींच्या रडक्या कथांची चलती होती. उमेझूने ती आईच उलटी केली. खरी आई दवाखान्यात, आणि हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी सर्पस्त्री घरी येऊन राहते. १९७४ ते १९७६ दरम्यानच्या 'सेनरेई'त तर सापाचीही गरज उरली नाही. रूप उतरलेली एक नटी मुलीला लाडाने वाढवते, कारण पुढेमागे आपला मेंदू तिच्या डोक्यात बसवायचा बेत असतो!

मग थेट शुझो ओशिमी. त्याचं 'चि नो वादाचि' २०१७ ते २०२३ चाललं, १७ खंड. पहिला खंड बराचसा नुसता अतिकाळजी करणाऱ्या आईचा. शेवटी डोंगरावरच्या सहलीत ती नात्यातल्याच एका मुलाला कड्यावरून ढकलते, आणि शाळकरी सेइइची ते बघतो. पोलिसांसमोर तो आईला वाचवतो. खरी गोष्ट इथून सुरू होते.

ओशिमी पानंच्या पानं आईच्या चेहऱ्यावर खर्च करतो. संवाद नाही. पुढच्या पानावर तोच चेहरा, फक्त ओठाचा कोपरा हललेला. डीबगरमध्ये एकेक ओळ पुढे सरकावी तसं. सिनेमात वेळ दिग्दर्शकाच्या हातात असतो. इथे पान आपणच उलटतो, म्हणून जास्त त्रास होतो. आणि झपाटलेला वाडा सोडून पळता तरी येतं. शाळकरी पोराने घर सोडून जायचं कुठे? शिवाय त्याचं आईवर प्रेमही आहे, ते खोटं नाही. मला वाटतं, वाचणारा अडकतो तो इथेच.

(पुढचं वाक्य ज्यांना वाचायचंय त्यांनी टाळा.) शेवटच्या खंडांत सेइइची मोठा झालाय, आई म्हातारी, आणि तिचं करायची पाळी त्याच्यावर येते. तो भाग मला कड्यावरच्या प्रसंगापेक्षा जड गेला.