पुरुष वंध्यत्व आणि वाय गुणसूत्र : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

अपत्यहीनतेचा दोष आपल्या समाजाने दीर्घकाळ स्त्रीच्याच माथी मारला. ‘वांझ’ हा शब्दही तिच्यासाठीच रूढ झाला. या समजुतीला विज्ञानाने टप्प्याटप्प्याने छेद दिला. क्लाइनफेल्टर यांनी १९४२ मध्ये वर्णिलेल्या लक्षणसमूहामागे अतिरिक्त एक्स गुणसूत्र असल्याचे १९५९ मध्ये जेकब्स व स्ट्राँग यांनी दाखविले. १९७६ मध्ये तिएपोलो व झुफार्दी या इटालियन संशोधकांना शुक्राणूविहीन ६ पुरुषांच्या वाय गुणसूत्राच्या लांब भुजेचा टोकाकडील भाग लुप्त झालेला आढळला. १९९२ पासून एकच शुक्राणू थेट बीजांडात सोडण्याच्या तंत्राने अशा काही पुरुषांना पितृत्व लाभू लागले. मात्र पित्याच्या वाय गुणसूत्रातील न्यून मुलाकडेही संक्रमित होते. म्हणून उपचारापूर्वी पतीची जनुकीय तपासणी अगत्याची ठरते. पत्नीवरील अन्यायाचे परिमार्जनही तेथूनच सुरू होते.