पेशीश्वसन
पेशीश्वसन म्हणजे ग्लुकोजमधील ऊर्जा टप्प्याटप्प्याने मुक्त करून एटीपी या रेणूत साठवण्याची पेशीतील प्रक्रिया होय. प्रथम पेशीद्रवात ग्लुकोजचे विघटन (ग्लायकोलिसिस) होऊन पायरुव्हिक आम्लाचे दोन रेणू व निव्वळ दोन एटीपी मिळतात. बहुतांश ऊर्जा तंतुकणिकेत मुक्त होते. तेथे क्रेब्स चक्रात (हान्स क्रेब्स, १९३७) कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो; पुढे इलेक्ट्रॉनांच्या वहनामुळे एटीपींची एकूण संख्या सुमारे ३० ते ३२ होते. पाठ्यपुस्तकांतील ३८ हा आकडा केवळ सैद्धांतिक कमाल मर्यादा आहे. ऑक्सिजन अगदी शेवटी हे इलेक्ट्रॉन स्वीकारतो व पाणी तयार होते. सायनाइड नेमका हाच टप्पा रोखते. त्यामुळे रक्तात ऑक्सिजन भरपूर असूनही पेशी मरतात. माणसाच्या परिपक्व तांबड्या रक्तपेशींत तंतुकणिका नसतात. त्या ऑक्सिजन वाहून नेतात, पण जगतात मात्र ग्लायकोलिसिसवरच.