कुंपण घातलं आणि फुलपाखरू गेलं

पर्यावरण दिनाला टेकडीवर रोपं लावतानाचा माझा एक जुना फोटो आहे. हातात गिरिपुष्पाचं रोप, मागे उघडा गवताळ उतार आणि चेहऱ्यावर फार मोठं काम केल्याचं समाधान. परवा तो फोटो पुन्हा समोर आला आणि इंग्लंडमधल्या एका फुलपाखराचा इतिहास आठवला.

त्याचं नाव लार्ज ब्लू. नावात ‘मोठं’ असलं तरी पंख पसरून जेमतेम दीड-दोन इंच. एकोणिसाव्या शतकातल्या संग्राहकांना त्याचं भलतंच वेड होतं. पकडायचं, टाचणी टोचायची, पेटीत ठेवायचं. साहजिकच संख्या घटू लागली तेव्हा सगळ्यांनी बोट दाखवलं ते संग्राहकांकडे. १९३० च्या दशकात निसर्गप्रेमींनी एका जागेला चक्क कुंपण घातलं. संग्राहक थांबले, पण चरणारी गुरंही थांबली. गवत वाढलं आणि फुलपाखरू तिथून नाहीसं झालं!

पुढे १९५३ मध्ये सशांचा मिक्सोमॅटोसिस हा रोग ब्रिटनमध्ये पोचला. पिकं वाचतील म्हणून काही शेतकऱ्यांनी आजारी ससे मुद्दाम दुसरीकडे नेऊन सोडले. काही वर्षांत बहुतेक सगळे ससे मेले. डोंगरउतारावर गुरं चारणं परवडेना, म्हणून तेही बंद झालं. गवत आणखी वाढलं.

पण गवत वाढल्याने फुलपाखराचं काय बिघडतं? १९७० च्या दशकात जेरेमी थॉमस हा तरुण शास्त्रज्ञ डेव्हनमधल्या शेवटच्या वसाहतीपाशी वर्षानुवर्षं बसून हेच शोधत होता. उत्तर सापडलं ते जमिनीखाली, मुंग्यांच्या वारुळात.

ही अळी सुरुवातीचे दोन-तीन आठवडे थाइमची फुलं खाते. मग जमिनीवर पडते आणि एका लाल मुंगीला फसवते. मुंगीला वाटतं, आपलंच पिल्लू वाट चुकलंय. ती अळीला उचलून घरी नेते, आणि पुढचे दहा महिने ही पाहुणी मुंग्यांचीच पिल्लं खाऊन वाढते. गंमत म्हणजे ती नीट जगते फक्त एकाच जातीच्या मुंगीकडे. त्या मुंगीला हवी उन्हाने तापलेली जमीन. गवत दोन-तीन सेंटिमीटरच्या वर गेलं की सावलीने जमीन दोन-तीन अंशांनी थंड होते आणि ती मुंगी जागा सोडते. वर थाइम फुललेलं, पण खाली सांभाळणारं कुणी नाही.

हे कळेपर्यंत उशीर झाला होता. १९७९ मध्ये लार्ज ब्लू ब्रिटनमधून नामशेष झालं.

पण थॉमस आणि त्यांचे सहकारी तिथे थांबले नाहीत. आधी उतारांवर पुन्हा चराई सुरू केली, झुडपं काढली, मुंगी परतू दिली. मग १९८३ पासून स्वीडनहून हे फुलपाखरू आणून सोडलं. आज नैऋत्य इंग्लंडच्या उतारांवर ते पुन्हा उडतंय.

आता आपल्याकडे या. २०१५ मध्ये महाराष्ट्राने ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा मान दिला. असं करणारं आपलं देशातलं पहिलंच राज्य. अभिमान आहेच. पण आपलं माळरान? ते कागदोपत्री अनेकदा ‘पडीक’. त्यावर मेंढरं दिसली की नासधूस, खड्डे खणून रोपं लावली की पर्यावरण!

सगळी चराई चांगली आणि सगळं वृक्षारोपण वाईट, असं मी म्हणत नाही. अतिचराईने माळ बोडका होतो, हेही खरंच. पण ‘आम्ही निसर्गासाठी केलं’ एवढ्याने जबाबदारी संपत नाही. कुंपण घालणाऱ्यांचा हेतूही चांगलाच होता.

त्या फोटोतल्या टेकडीवर आज गिरिपुष्पाची दाट सावली आहे. त्या दिवशी गवतावर घोट्याइतक्या उंचीवर छोटी निळी फुलपाखरं उडत होती, हे मला नीट आठवतं. परवा मुद्दाम जाऊन तासभर शोधली. एकही दिसलं नाही.

येत्या पावसाळ्यात रोप लावायला जाल तेव्हा खड्डा खणण्याआधी एवढंच बघा, तिथे आधीपासून कोण राहतंय?