'आय वॉना' : लाटव्हियाचे एक नृत्यगीत आणि राज्यभाषेचा प्रश्न

२५ मे २००२ रोजी एस्टोनियाची राजधानी टालिन येथे भरलेल्या युरोव्हिजन गीतस्पर्धेत लाटव्हियाच्या 'आय वॉना' या गीताने १७६ गुण मिळवून प्रथम क्रमांक पटकावला. दुसऱ्या क्रमांकाच्या माल्टाला १६४ गुण होते. या गीताची चाल लॅटिन अमेरिकी नृत्यसंगीताच्या वळणाची होती आणि शब्द इंग्रजी होते. 'मारी एन' या नावाने ते गाणारी मारिया नाउमोवा ही रीगा येथील रशियन भाषक कुटुंबात जन्मलेली होती. ज्या देशाच्या नावावर हा विजय नोंदला गेला, त्या देशाच्या राज्यभाषेचा एकही शब्द गीतात नव्हता. भाषेच्या रक्षणासाठी युरोपातील अत्यंत काटेकोर कायद्यांपैकी एक कायदा करणाऱ्या राष्ट्राने असे गीत पाठवावे, यात विसंगती आहे काय, हा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो.

प्रथम स्पर्धेचे भाषाविषयक नियम ध्यानात घेतले पाहिजेत. १९५६ साली स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे सात राष्ट्रांनिशी ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हा भाषेचे बंधन नव्हते. १९६५ मध्ये स्वीडनने इंग्रजीत गीत सादर केल्यावर, १९६६ पासून प्रत्येक राष्ट्राने स्वतःच्याच भाषेत गावे असा नियम आला. १९७३ ते १९७६ या काळात तो शिथिल झाला, १९७७ मध्ये पुन्हा लागू झाला व १९९९ मध्ये रद्द झाला. त्यानंतरची १९९९ ते २००२ ही चारही विजयी गीते इंग्रजीत आहेत. म्हणजे लाटव्हियाने २००० साली स्पर्धेत पदार्पण केले, त्यापूर्वीच मातृभाषेची सक्ती संपली होती. २००२ मधील सहभागही अनपेक्षितच होता. आदल्या वर्षीच्या अठराव्या क्रमांकामुळे लाटव्हिया वगळला गेला होता. पोर्तुगालने माघार घेतल्याने त्याला जागा मिळाली.

लाटव्हियन समाजात गीत आणि भाषा यांचा संबंध निकटचा आहे. क्रिश्यानिस बारोन्स यांनी १८९४ ते १९१५ या काळात प्रसिद्ध केलेल्या लोकगीतसंग्रहात दोन लाखांहून अधिक गीते आहेत. १८७३ साली रीगा येथे पहिला राष्ट्रीय गीतोत्सव भरला. राज्य हाती नसलेल्या लोकांनी राष्ट्र म्हणून एकत्र येण्याचे ते स्थान होते, आणि सोव्हिएत सत्तेविरुद्धच्या अखेरच्या चळवळीलाही पुढे 'गाती क्रांती' हेच नाव मिळाले. सोव्हिएत काळात मोठ्या प्रमाणावर झालेल्या स्थलांतरामुळे १९३५ मध्ये लोकसंख्येच्या तीन-चतुर्थांशांहून अधिक असलेले लाटव्हियन १९८९ मध्ये ५२ टक्क्यांवर आले होते. शासन, कारखाने व सैन्य यांत रशियनचे वर्चस्व होते. १९९१ मध्ये स्वातंत्र्य परत मिळाल्यानंतरच्या भाषाविषयक धोरणामागे ही भीती आहे. १९९९ च्या राज्यभाषा कायद्याचा अर्थ त्यावाचून लागत नाही.

या भीतीची दुसरी बाजूही तितकीच खरी होती. २००२ साली देशातील सुमारे एक-पंचमांश रहिवासी नागरिकत्वाविना होते, आणि त्यांतील बहुसंख्य रशियन भाषक होते. त्यांना नागरिकत्वासाठी लाटव्हियन भाषेची परीक्षा द्यावी लागे. भाषाज्ञान अपुरे ठरवून एका रशियन भाषक उमेदवाराचे नाव निवडणुकीच्या यादीतून काढण्यात आले होते; एप्रिल २००२ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्या प्रकरणी लाटव्हियाविरुद्ध निर्णय दिला. त्यानंतर महिन्याभरात सायेमाने, म्हणजे तेथील संसदेने, उमेदवारांवरील भाषेची अट रद्द केली आणि त्याच सुमारास घटनेत दुरुस्ती करून लाटव्हियनचे स्थान अधिक दृढ केले. टालिनचा विजय याच वसंत ऋतूतला आहे.

आता गीताच्या 'लॅटिन' स्वरूपाकडे वळू. हे विशेषण मुळात प्राचीन इटलीतील एका भाषेचे. तिच्यापासून निघालेल्या भाषा बोलणाऱ्या अमेरिकी प्रदेशांना एकोणिसाव्या शतकात 'लॅटिन अमेरिका' हे नाव रूढ झाले, आणि तेथून ते संगीतास चिकटले. क्यूबातील ज्या तालांवर हे नृत्यसंगीत उभे आहे त्यांचा मोठा अंश आफ्रिकी गुलामांच्या वंशजांकडून आला, हे या नावात लपून जाते. रीगाला अशा संगीताचा परिचय नवा नव्हता. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ऑस्कर स्ट्रोक या रीगावासी ज्यू संगीतकाराने रचलेल्या टँगोंची कीर्ती रशियन भाषक जगात दूरवर पसरली होती. दूर देशीचा ताल रीगातील कोणत्याही एका भाषकसमूहाच्या मालकीचा नव्हता. म्हणूनच तो सर्वांना उपलब्ध होता.

शीर्षकाचा विचार हेच सुचवितो. 'वॉना' हे इंग्रजीतील 'इच्छिणे' या अर्थाच्या क्रियापदाचे व त्यानंतरच्या अव्ययाचे बोलण्यात झालेले संकोचरूप आहे. शिष्ट लेखनात त्याला स्थान नाही. नाउमोवा आणि मारात्स सामाउस्किस यांनी स्वीकारलेली इंग्रजी पाठ्यपुस्तकातील नसून ध्वनिमुद्रिकांतून जगभर पसरलेली होती. सादरीकरणही याला पूरक होते. पुरुषी पोशाख व टोपी घालून गायिका रंगमंचावर आली. नृत्य चालू असता तो पोशाख तुकड्यातुकड्याने उतरत गेला व अखेरीस ती स्त्रीवेषात उभी राहिली. हे समजण्यास कोणतीही भाषा येण्याची आवश्यकता नव्हती.

हा विजय म्हणजे राज्यभाषेचा पराभव, असा आक्षेप घेता येईल. तथापि त्यात दोन भिन्न व्यवहारांची गल्लत होते. राज्यभाषेचा कायदा कचेरी, शाळा आणि न्यायालय यांत लाटव्हियनला हक्काची जागा मिळावी यासाठी होता. परक्या श्रोत्यांपुढे काय गावे हे ठरविणे त्याच्या कक्षेत नव्हते. २००३ साली हा भेद स्पष्ट दिसला. मे महिन्यात रीगाने युरोव्हिजनचे यजमानपद भूषविले व नाउमोवा हिने रेनार्स काउपेर्स यांच्यासह सूत्रसंचालन केले. त्याच उन्हाळ्यात त्याच नगरीत राष्ट्रीय गीतोत्सव भरला, आणि नोव्हेंबरात युनेस्कोने बाल्टिक राष्ट्रांच्या गीत-नृत्योत्सवांना मानवजातीच्या वारशात स्थान दिले. एका नगरीने दोन रंगमंच वेगळ्या भाषांत चालविले.

तरीही या व्यवस्थेची किंमत नव्हती असे म्हणता येत नाही. एका स्पर्धेने नागरिकत्वाचा प्रश्न सुटला नाही; रशियन भाषक गायिकेचा जयजयकार झाला, पण नागरिकत्वाविना राहणाऱ्यांची भाषापरीक्षा कायम राहिली. शिवाय युरोपने लाटव्हियाचे नाव ऐकले तरी लाटव्हियन भाषा ऐकली नाही. २००४ मध्ये प्रथमच त्या भाषेतील गीत पाठविले गेले, ते उपान्त्य फेरीतच बाद झाले. २००७ मध्ये लाटव्हियाने चक्क इटालियनमध्ये गायिले. त्यानंतर २०२५ साली बाझेल येथे 'तौतुमेइतास' या स्त्रीगायकवृंदाने लोकसंगीतावर आधारलेले लाटव्हियन गीत अंतिम फेरीत नेले व तेरावा क्रमांक मिळविला.

प्रथम क्रमांक इंग्रजीस आणि तेरावा स्वभाषेस, एवढीच ही तुलना नव्हे. २००२ मध्ये लाटव्हियाला युरोपात आपली दखल घेतली जावी अशी निकड होती. युरोपीय संघाचे सदस्यत्व अजून दोन वर्षे दूर होते. अशा वेळी कोणाचीच नसलेली भाषा आणि कोणाचाही होऊ शकणारा ताल त्याच्या उपयोगी पडला. स्वभाषेत गाण्याचे धैर्य पुढे आले ते घरी तिचे स्थान स्थिर झाल्यावर. छोट्या भाषेचे बळ मोजावयाचे तर ती परक्या रंगमंचावर किती वेळा ऐकू आली यापेक्षा, तिचे भाषक तेथून परतल्यावर कोणत्या भाषेत बोलतात, हे पाहणे अधिक युक्त होय. रीगातील प्रत्येक घरात मात्र या प्रश्नाचे उत्तर एकच नव्हते, आणि २००२ च्या विजयाने ते एक केलेही नाही.