बस म्हातारी कधी होते?

आपल्या पिंपरी-चिंचवडची एक गंमत बघा. पिंपरीत टाटांचा (म्हणजे जुन्या लोकांच्या टेल्कोचा) कारखाना, आकुर्डीला बजाज, आणि 2009 च्या आसपास चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज, पाठोपाठ महिंद्रा. गाड्या जन्माला घालणारा हा पट्टा. पण गाड्यांच्या म्हातारपणाचा विचार करणारी मंडळीही इथेच आहेत. भोसरीत 1967 पासून सीआयआरटी आहे. देशभरातल्या एसटी महामंडळांचे अधिकारी तिथे शिकायला येतात. आणि दापोडीला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा. तिथे जुन्या चासीवर नवी बॉडी चढवून बसला दुसरा जन्म देतात.

मग बस मोडीत नेमकी कधी काढायची?

इंजिनिअरिंगला ऑपरेशन्स रिसर्चमध्ये यावर हमखास गणित यायचं. समजा, बस 30 लाखांची. पहिल्या वर्षी देखभाल 1 लाख, पुढे दरवर्षी 50 हजारांनी वाढणारी. भंगाराचे पैसे सोडून द्या. आता वर्षाचा सरासरी खर्च काढा. 5 वर्षांनी बदलली तर 8 लाख, 11 वर्षांनी साधारण 6 लाख 23 हजार, 15 वर्षांनी साडेसहा लाख. म्हणजे उत्तर 11. संपला पेपर!

पण खरी मेख पुढेच आहे. 11 ऐवजी 12 वर्षं चालवली तर सरासरी वाढते जेमतेम दोन-अडीच हजारांनी. त्यामुळे 'आणखी एक वर्ष ओढू' हे दरवर्षी शहाणपणाचंच वाटतं. शिवाय दुरुस्तीचा खर्च थोडाथोडा होतो, नव्या बसचे 30 लाख मात्र एकदम लागतात. साहजिकच निर्णय सूत्र घेत नाही, तिजोरी घेते.

आपल्याकडचा इतिहासही तेच सांगतो. 2007 मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र येऊन पीएमपीएमएल झाली. 2009 मध्ये केंद्राने जेएनएनयूआरएमखाली शहरांना बसखरेदीसाठी पैसे देऊ केले. देशभर शहरांनी घाऊक बस घेतल्या. चांगलंच झालं, पण सर्व्हर सांभाळणाऱ्यांना ठाऊक असेल, एकाच बॅचच्या डिस्क मागेपुढे एकत्रच मरतात. घोळक्याने आलेल्या बस घोळक्यानेच म्हाताऱ्या होतात.

मग कायदा आला. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपते, महापालिका आणि परिवहन संस्थाही त्यात आल्या. त्याच वर्षी 15 सप्टेंबरला मुंबईत बेस्टची शेवटची जुनी डबल डेकर निवृत्त झाली, तिचीही 15 वर्षं भरली होती. नियम सोपा आहे, पण त्याला फक्त कॅलेंडर कळतं. दिवसभर निगडी-स्वारगेट धावणारी बस आणि साहेबांच्या बंगल्यासमोर उभी राहणारी जीप, दोघींना तोच न्याय!

फेब्रुवारी 2019 मध्ये पीएमपीएमएलच्या ई-बस सुरू झाल्या, भेकराईनगर आणि निगडीच्या भक्ती-शक्ती डेपोतून. या बस ठेकेदाराच्या. पीएमपीएमएल किलोमीटरमागे पैसे देते. म्हणजे बस किती वर्षं राबणार, हे ती रस्त्यावर येण्याआधीच करारात ठरतं. पूर्वी हे वर्कशॉपमधला फोरमन इंजिनाचा आवाज ऐकून सांगायचा.

या सगळ्या हिशोबात एक रकाना मात्र कुठेच नसतो. भोसरी एमआयडीसीत पहिल्या पाळीला निघालेल्या माणसाची बस वाटेत बंद पडली, तर त्याचा कापलेला पगार कुणाच्या खात्यात? तो रकाना भरला, तर 11 हे उत्तरही अलीकडे सरकेल.

उपाय तसा रटाळ आहे. 1,800 बसचा ताफा आणि 12 वर्षांचं आयुष्य धरलं, तर दरवर्षी 150 बस बदलायच्या, आणि तेवढे पैसे दर बजेटमध्ये वेगळे काढायचे. उद्घाटनाला मोठा मांडव घालता येणार नाही, इतकंच.